एचेव्हेरियाला ठिबक

आमच्या ह्यांना केळीपलीकडे झाड माहीत नाही. तापीकाठचं शेत, विहिरीला बारमाही पाणी, तीस वर्षं केळीच लावली. त्यामुळे जगातलं प्रत्येक झाड त्यांच्या लेखी केळीच असतं, काही झाडांना ते अजून कळलेलं नसतं इतकंच. अशा माणसाच्या हाती आमच्या मुलीने एचेव्हेरियाची कुंडी दिली.

होळीनंतर ती पुण्याला नोकरीला गेली. ह्यांनी आणलेलं स्थळ नाकारून गेली, म्हणून ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. निघताना तिने कुंडी माझ्याकडे न देता त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, आप्पा, एवढं सांभाळा. हे पेपर वाचत राहिले. पण तिची रिक्षा वळल्याबरोबर कुंडी उचलून सावलीत नेली, ते मी पाहिलं.

झाड म्हणजे मूठभर. जाड, निळसर पानं एकात एक अशी गोल बसलेली, की ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव कोबी ठेवलं. कसं वाढवायचं ते मुलीने मला फोनवर सांगितलं. सकाळचं ऊन द्यायचं, आमच्याकडचं दुपारचं नाही. मातीत निम्मी वाळू आणि बारीक खडी. नंदुरबारला पथारीवर मिरची वाळते तशी माती वाळल्याशिवाय पाणी नाही, आणि दिलं तर मातीत, पानांच्या मध्ये नाही. मी हे ह्यांना जसंच्या तसं ऐकवलं. ह्यांनी मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावणं म्हणजे ऐकलं, पण करणार नाही.

बोलणं बंद असलं तरी माझ्यामार्फत चौकशी चालू होती. रविवारी तिचा फोन आला की हे झोपाळ्यावरून म्हणायचे, विचार तिला, खत कोणतं घालू. पुढे पुढे म्हणायला लागले, विचार, तिकडे पाऊस आहे का, छत्री आहे का. कोबीचा आणि छत्रीचा संबंध काय, हे मी विचारलं नाही.

दरम्यान ओट्यावर ठिबकची बारीक नळी आली, टाकीपासून थेट कुंडीपर्यंत. थेंब थेंबच तर पडतो, असं त्यांचं म्हणणं. मी दोनदा नळी काढली, त्यांनी तीनदा लावली. मग श्रावणात झाडाच्या बुडाशी चार पिलं फुटली. केळीला पिलं फुटली की ती कापावी लागतात, नाहीतर घड लहान पडतो. ह्यांनी विळा आणला, चारही कापून उकिरड्यावर टाकली आणि आता घडच धरणार अशा समाधानाने चहा मागितला. मी गुपचूप एक पिलू उचलून आणलं. मुलीने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे कापलेली जागा चार दिवस सुकू दिली, मग फुटक्या कपात वाळूवर ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीत लपवलं.

गणपती उठेपर्यंत मोठं झाड कुजलं. बोट लावलं की पान गळून पडायचं. महिनाभर मी टोमणे तयार ठेवले होते, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि एकही तोंडातून निघेना. तिने एकच वस्तू विश्वासाने दिली होती, एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी जेवलेही नीट नाहीत.

रविवारी मी कप बाहेर आणला. पिलाला मुळं फुटली होती. म्हटलं, हे त्याच कुंडीत लावू, जवळून फोटो काढून पाठवू, तिला पत्ता लागणार नाही. ह्यांनी पिलू हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला आणि माझ्याआधी त्यांनी उचलला.

"झाड मरी गयं," ते म्हणाले. "तू सांगेल व्हतं, मी ऐकं नही. मन्ही चूक शे."

एवढ्या वर्षांच्या संसारात चूक कबूल करणारं हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. मला त्याचा रागच आला, आणि डोळेही भरून आले. पलीकडे मुलगी रडते आहे हे माझ्यापर्यंत आलं. नाक ओढत ती म्हणाली, असू द्या आप्पा, दिवाळीला येताना दुसरं घेऊन येते.

"झाड आनू नको," हे म्हणाले. "तू ये."