अर्धा फोटो आणि शहागंजचा कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतेय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतेय. आम्ही धनगराचे. माझे आजोबा आयुष्यभर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, उघड्या माळावर झोपले, पण त्यांना कधी काही दिसलं नाही. मग मला भर बाजारात, ट्यूबलाइटच्या उजेडात काय दिसणार?

पण दिसलं… आणि भीती अजिबात वाटली नाही, हे आधीच सांगते. अंगावर काटा हवा असेल त्यांनी दुसरा धागा उघडावा. मला आजही ती गोष्ट आठवली की उड्या माराव्याशा वाटतात.

गोष्ट तेव्हाच्या औरंगाबादची. बजाजनगरात माझा छोटा फोटो स्टुडिओ होता. वाळूजच्या कंपन्या वाढत होत्या, गावाकडून रोज नवी माणसं यायची आणि आली की त्यांना गेटपाससाठी फोटो लागायचा. माझं बरं चाललं होतं. पण हळूहळू लोक जुने फोटो घेऊन यायला लागले. लग्नाच्या घोळक्यात कुठेतरी उभे असलेले वडील, त्यांना एकट्याला बाहेर काढायचं, अंगात कोट घालायचा, मागे निळं आकाश द्यायचं. हयातीत ज्यांनी कोटाला हात लावला नाही त्यांना मेल्यावर आम्ही स्टुडिओवाले कोट शिवतो! ब्रशनं हे करायचे दिवस संपत आले होते. कॉम्प्युटर हवा होता, आणि नवा परवडणारा नव्हता.

त्यातच आमच्या शेजारच्या गयामावशी आल्या. त्यांच्या धाकट्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं होतं. मावशींनी पदराच्या गाठीतून एक फोटो काढला. विशीतला एक तरणाबांड मुलगा… म्हणजे त्याची एकच बाजू. दुसरा अर्धा चेहरा जळून गेलेला, तिथं नुसता पांढरा-तपकिरी डाग.

तो त्यांचा भाऊ, उत्तम. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलं तेव्हा तो सत्याग्रहात गेला, हर्सूलच्या जेलात राहिला. तो आत असताना इकडे गावात त्यांच्या वस्तीला आग लावली गेली. फोटो त्यातला. उत्तम सुटला, सोबतच्या पोरांनी त्याला गेटाबाहेर चहा पिताना पाहिलं, पण घरी काही तो आला नाही. नंतर नामांतर झालं, त्याच विद्यापीठातून वैशाली एम.ए. झाली, तरी मामाचा पत्ता नाही.

आता लग्नपत्रिकेत मामाचं नाव कसं छापायचं, यावरून घरात धुसफूस होती. कैलासवासी लिहितात तसं बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावामागे ‘कालकथित’ लिहितात. मावशींचा थोरला राहुल म्हणत होता, एवढी वर्षं झाली, आई, आता मान्य कर. कालकथित छापू, फोटोला हार घालू, मंडपात ठेवू. इतकी वर्षं मावशींनी हे होऊ दिलं नव्हतं. आता त्या थकल्या होत्या. “हार घालायचाच तर निदान पुऱ्या तोंडाला घाला,” एवढंच त्या मला म्हणाल्या.

आमच्या धंद्यात यावर सोपा उपाय असतो. एक बाजू धड असेल तर तीच कॉम्प्युटरवर उलटी करायची आणि आरशासारखी जोडून द्यायची. मी शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडून फोटो स्कॅन करून सीडीवर घेतला आणि तीच सीडी पर्समध्ये टाकून शहागंजला गेले. म्हटलं, ज्या कामासाठी मशीन घ्यायचं तेच काम त्याच्याकडून करून बघू.

शहागंजात एक चाचा वाळूजच्या कंपन्यांतून निघालेले कॉम्प्युटर आणून, साफ करून विकायचे. मी आठवडाभर आमच्या यांचं डोकं खाऊन तयारी केलेली. हे कंपनीत मेंटेनन्सला होते. त्यांनी बजावलं होतं, प्रोसेसरच्या गप्पांना भुलू नको, फोटोच्या कामाला रॅम बघ. झाकण उघडायला लाव, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना ते बघ. हार्ड डिस्कला कान लाव. आणि सगळी मशीनं एकाच मॉनिटरवर लावून बघ, नाहीतर मॉनिटर चांगला म्हणून मशीन गळ्यात मारतील.

चाचांनी कुरकुर न करता तीन मशीनं मांडली. पहिल्याची हार्ड डिस्क जात्यासारखी घरघरत होती. दुसऱ्यावर फोटो उघडला, पण मोठा करून फिरवायला गेले तर ते जे रुसलं, चाचांनी चहा मागवला, चहा आला, पिऊन झाला, तरी हलेना. दोन्हीवर उत्तम तसाच. अर्धा चेहरा, अर्धा डाग.

तिसऱ्याच्या कॅबिनेटवर कुठल्यातरी कंपनीचा ओरबाडलेला स्टिकर होता. मॉनिटर तोच, सीडी तीच. फोटो टचकन उघडला… आणि डाग नव्हता.

पूर्ण चेहरा होता. पण एका बाजूला तोच विशीतला उत्तम, आणि दुसऱ्या बाजूला वयस्कर माणूस. कानावरचे केस पांढरे, मिशी पिकायला लागलेली, डोळ्याखाली सुरकुत्या, डोळ्यावर चष्म्याची एकच काच. नाकाच्या मधोमध दोन्ही बाजू अगदी बेमालूम जुळलेल्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई किंचाळली असेल. छे! मला वाटलं, कंपनीतल्या कुणाचा तरी जुना फोटो मशीनमध्ये राहिलाय आणि तो माझ्या फोटोवर चढलाय. फॉल्ट! मी तो फॉल्ट मोठा करून पाहिला, फिरवून पाहिला, आणि माझं सगळं लक्ष मशीन काय झपाट्यानं फिरवतंय याकडे. चाचाही शेजारी उभे. कौतुकानं मान हलवत म्हणाले, “क्या डिझाइन बनाये आपा. एकीच आदमी, आधा जवान, आधा बुड्ढा.” मी हसले. मी त्यांच्या मशीनला दोष देत होते आणि ते माझ्या कलेला दाद देत होते. सौदा तिथेच झाला.

रिक्षात मॉनिटर मांडीवर, कॅबिनेट पायाशी, आणि मी बजाजनगरपर्यंत स्वतःशीच गुणगुणत आले. घरी आल्या आल्या जोडला, उदबत्ती लावली, सीडी घातली. डाग जागेवर. मी म्हटलं, चला, फॉल्ट प्रवासात गेला!

दोन दिवस खपून मी धड बाजू उलटी केली, जोडली, सावल्या सारख्या केल्या. माझ्या हातून झालेलं ते पहिलं कॉम्प्युटरचं काम. प्रिंट काढून मोठ्या ऐटीत मावशींना बोलावलं. राहुलही आला, पत्रिकेचा कच्चा कागद हातात घेऊन.

मावशींनी प्रिंट उजेडात धरली. खूप वेळ पाहिली. मग माझ्या हातात परत दिली.

“लई मेहनत केली गं पोरी. पण हा आमचा उत्तम नाय.”

मी खट्टू झाले. समजावलं, मावशी, त्याचीच बाजू आहे, फक्त उलटी केलीय. त्या मान हलवत राहिल्या. मग वैतागून, थोडं हसण्यावारी नेत, मी शहागंजची गंमत सांगितली. म्हातारी बाजू, पिकलेली मिशी, चष्मा.

राहुल हसला. मावशी हसल्या नाहीत. त्या स्टुलावर पुढे सरकून बसल्या.

“त्या बाजूचा कान दिसला व्हता का तुला?”

मी डोळे मिटले. स्क्रीनवर मोठा करून पाहिलेला तो चेहरा अजून ताजा होता. कान मला नीट आठवत होता, कारण मला तोही फॉल्टच वाटला होता.

“दिसला ना. पाळी फाटलेली होती. खाली दोन तुकडे.”

मावशींनी दोन्ही हात तोंडावर नेले. राहुलला यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याच्याकडे बघूनच ते कळत होतं. मग मावशी बोलल्या. उत्तम लहान असताना कानात बाळी होती. मावशींच्या कडेवर होता, समोर शेळी बांधलेली, तिनं बाळी धरून ओढली आणि पाळी फाटली. ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली होती. आणि तो कान फोटोच्या जळक्या बाजूला होता.

मला वाटलं, आता या रडणार. पण मावशी… मावशी हसायला लागल्या होत्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

“केस पिकले मंतीस त्याचे? आन् चष्मा बी लागला?” त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि मी दरवेळी व्हय मावशी, व्हय मावशी म्हणत होते. मग त्या राहुलकडे वळल्या. “मेलेल्या माणसाचे केस पिकत नसतेत राहुल्या. कार्डावरलं ते कालकथित काढ.”

राहुलनं खिशातून पेन काढलं आणि तो शब्द खोडला.

दुसऱ्याच दिवशी मी शहागंजला धावले. चाचांना सगळं लख्ख आठवत होतं, आधा जवान आधा बुड्ढा. त्यांनी शपथेवर सांगितलं की कंपनीनं हार्ड डिस्क कोरी करूनच दिली होती. आमच्या यांनी घरी मशीन पूर्ण खोलून पाहिलं. दुसरा फोटो कुठेच नव्हता. आणि समजा असता, तरी कुणा परक्याचं अर्धं नाक उत्तमच्या अर्ध्या नाकाला इतकं चपखल कसं बसेल, असं मी यांना विचारलं. ‘कोइन्सिडन्स’ म्हणून ते जेवायला बसले.

लग्नात मी मंडपभर कॅमेरा घेऊन नाचत होते. बुद्धवंदना झाली, फुलं उधळली, मग माइकवरून एकेका मामाला टॉवेल-टोपीच्या आहेरासाठी बोलवायला लागले. पत्रिकेत होतं तसं उत्तमरावांचं नाव पुकारलं गेलं. कुणी उठेना. पुन्हा पुकारलं. माना वळायला लागल्या, मीसुद्धा कॅमेरा खाली घेऊन मंडपाच्या दाराकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं, येणार.

तेवढ्यात गयामावशी पदर खोचून स्टेजवर चढल्या. त्यांनी टॉवेल-टोपी स्वतःच्या हातात घेतली आणि माइकवाल्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, “द्या, मी ठिवते त्याचं. कामात असल.”

मी त्या क्षणाचा फोटो काढलाय. थोडा हललाय, कारण खाली घेतलेला कॅमेरा मी घाईघाईनं उचलला होता.

उत्तममामा अजून आलेले नाहीत. काय दिसलं, का दिसलं, त्याच मशीनवर का, मला आजही सांगता येत नाही, आणि इथं कुणाला येत असेल तर जरूर लिहा. मी नंतर बरेच कॉम्प्युटर बदलले, पण तो विकला नाही. वैशाली माहेरी आली की मावशी तिला घेऊन माझ्याकडे येतात. मी तो जुना डबा लावते, सीडी घालते, आणि आम्ही तिघी स्क्रीनकडे डोळे लावून बसतो. अर्धा चेहरा येतो, अर्धा डाग. मावशी जरा वेळ थांबतात, मग पदर सावरत उठतात.

“कामात असल,” म्हणतात.