काही लागलं तर कळव

हे मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शाळेतल्या एकाही बाईला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्हाला माझं तोंड दिसत नाही, म्हणून असेल. आणि मध्येच "जाऊ दे हो बाई" म्हणून तुम्ही मला सोडवणार नाही, म्हणूनही.

रत्नागिरीतल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पोरं मला टरकून असायची आणि खरं सांगते, ते मला आवडायचं. दहावीला पत्रलेखन शिकवताना मी फळ्यावर एक अर्धं वाक्य लिहायची — 'लेट मी नो इफ' — आणि पुढे लांब रेघ ओढून जागा मोकळी सोडायची. घाला पुढे काय हवं ते, म्हणायची. येणार असाल तर कळवा, उशीर होणार असेल तर कळवा, मदत लागली तर कळवा. शेवटी हे घातलं की साधं पत्रही शहाण्यासुरत्या माणसानं लिहिल्यासारखं दिसतं. का? कारण आपण विचारलेलं असतं आणि उठायचं मात्र समोरच्यानं असतं. हे मी पोरांना अगदी रंगवून सांगायची. आपल्याकडे कुणाच्या घरी काही झालं तर शेजारीण विचारत बसत नाही, पेजेचं भांडं घेऊन दारात उभी राहते — इंग्रजीत त्याऐवजी हे वाक्य आहे, असंही सांगायची. एकदा जयगडकडची एक मुलगी उभी राहिली. "बाई, आणि समोरच्यानं कळवलान तर?"

मी म्हटलं, कुणी कळवत नाही गं.

वर्ग हसला. मीही हसले. दारात तेव्हा शालन नोटिशीची वही घेऊन उभी होती. ती हसली की नाही ते मला आठवत नाही.

शालन आमच्या शाळेची शिपाई. माझ्याहून चार वर्षांनी लहान. नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी, घर जयगडच्या खाडीकाठी, आणि नोकरीपायी ही रत्नागिरीत एका खोलीत राहायची. नोटीस वाचून झाली तरी वर्गाच्या दारातून हलायची नाही, माझं इंग्रजी ऐकत राहायची. डब्याच्या सुट्टीत मला चिडवायची, "बाई, चहा हवा तर लेट मी नो हां." शिक्षकांच्या खोलीत इतकी माणसं होती, पण माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस रोज संध्याकाळी येऊन भांडी घासून जाणारी ती एकटीच. मी तिला एकदाही बोलावलं नव्हतं. मैत्रीण म्हणायचं का तिला? मी तेव्हा म्हणत नव्हते. 'आमची शालन' म्हणायची. त्यातला 'आमची' कसला, ते तुम्हाला कळलंच असेल.

निवृत्त झाल्यावर ती जयगडला गेली. पगारातून हळूहळू बांधलेलं चिऱ्याचं घर, पुढे पडवी, पडवीतून खाडी दिसायची. फोनवर त्या घराबद्दल इतकं बोलायची की मला कंटाळा यायचा. तीन वर्षंही धड झाली नाहीत आणि तिचा नवरा गेला.

मी बाराव्याला गेले. दोन तास बसले. निघताना तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "शालन, काही लागलं तर कळव हं." मराठीत म्हटलं, पण वाक्य फळ्यावरचंच होतं. तिनं मान हलवली. मी एसटीत बसले तेव्हा मला कसं छान वाटत होतं, ते आता आठवलं तरी लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. फोनच्या वरच्या पट्टीत दिसला, तिथेच मी तो सगळा वाचला. "बाई, तुमी कळव म्हणालात म्हणून कळवतंय. चार दिवस सोबतीला याल काय. लेक तिच्याकडे अलोऱ्याला चल म्हणते. मला घर सोडायचं नाय. एकदा सवय झाली की राहीन मी एकटी."

सोबतीला जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. बाई एकटी पडली की पहिले काही दिवस कुणीतरी तिच्याकडे निजायला जातं. बोलायचं नसतं, समजूत घालायची नसते. नुसतं त्या छपराखाली असायचं. पण तिच्या वाडीत माणसं कुठे होती? आजूबाजूच्या घरांना कुलपं, सगळे मुंबईला. नातेवाईक तेराव्याचं जेवून पांगले. म्हणून तिनं मला कळवलं. कळव असं म्हणणारी मी एकटी नसणार, पण तिनं मला कळवलं.

मी तो मेसेज उघडला नाही. उघडला की निळ्या खुणा होतात, तिला कळलं असतं. एवढं मात्र मला बरोबर सुचलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, दोनदा. मी टेबलावर थरथरणाऱ्या त्या फोनकडे बघत बसले. घेतला नाही.

मी आजारी होते? नाही. घरात कुणी होतं? मुलगा पुण्याला, मी रिकामटेकडी. त्या आठवड्यात मी काय केलं सांगू? कपाट आवरलं. जुन्या साड्या बोहारणीला द्यायच्या म्हणून काढल्या आणि परत ठेवल्या. तिच्या अंगणात दोरीवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास — मी स्वतः मासे खाते, तरी तो वास मला नको होता. संडास घराबाहेर. आणि ती रडली तर तिच्यासमोर बसून मी काय करायचं? त्याहून खरं म्हणजे — शाळेच्या शिपायाकडे बाई मुक्कामाला गेल्या, हे लोक कसं बोलतील, हेही मनात आलं होतं. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

नवव्या दिवशी मीच फोन केला. माझा फोन पाण्यात पडला होता, दुरुस्तीला दिला होता, आत्ताच हातात आला, म्हटलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. ती अलोऱ्याला पोचली होती. लेकीनं आदल्या रविवारी सामान बांधलं. "तरीच म्हटलं," शालन म्हणाली, "बाई आल्याशिवाय रव्हायच्या नाय." आणि वर मलाच विचारलं, नवीन फोन घ्यावा लागला काय. माझा फोन बंद असता तर मेसेजखाली एकच खूण राहिली असती; पोचल्याच्या दोन करड्या खुणा पहिल्या दिवसापासून तिच्या फोनवर होत्याच. बघितल्या असत्या तर तिला दिसल्या असत्या. तिनं बघितल्या नाहीत. की बघितल्या?

अलोऱ्याला जावयाला कॉलनीत दोन खोल्या आहेत. शालन स्वयंपाकघरात निजते आणि सगळे उठायच्या आत अंथरूण गुंडाळते. जावई वाईट नाही, कुणीच वाईट नाही. पण तिकडे खाडी नाही, तिची पडवी नाही, आणि चहाची वेळ दुसऱ्यांची. जयगडच्या घराला कुलूप आहे. दोन पावसाळ्यांत मागची कौलं गेली. मी चार दिवस गेले असते तर ती तिथे राहिली असती. आणखीही काही आड आलं असतं, असं मी मनाला सांगून पाहिलं आहे. मन ऐकत नाही.

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले, उजवं मनगट मोडलं. शाळेच्या ग्रुपवर बातमी गेली. मग मेसेजचा पाऊस. मुलाचा, बहिणीचा, जुन्या विद्यार्थ्यांचे तर इंग्रजीतून, माझंच वाक्य, स्पेलिंगची एक चूक नाही. काही लागलं तर कळवा. मला केस विंचरता येत नव्हते, कुकरचं झाकण लावता येत नव्हतं. घरात दिवसभर कुणाचा आवाज नाही. मी कुणाला कळवलं नाही. मुलालाही 'सगळं ठीक' लिहिलं, डाव्या हातानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. शालन. काखेत पिशवी. तिला कुणी कळवलं ते मी विचारलं नाही. नऊ दिवस राहिली. माझी वेणी घातली, मला न्हाऊ घातलं, माझ्या खाटेशेजारी चटई टाकून निजली.

जायच्या आदल्या दुपारी ती माझ्या डाव्या हातातल्या वाटीतून मला चमच्यानं पेज भरवत होती. बाहेर बघत म्हणाली, "तवा तुमचा फोन बिघडला नसता तर मी आज जयगडलाच असती, नाय बाई?" तक्रार नव्हती तिच्या आवाजात. नुसतं म्हणाली. आणि माझ्याकडे वळून बघत राहिली.

तिथे, तेव्हा, मला बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"हो ना गं," मी म्हटलं. "फोनच मेला तसला."

तिनं आणखी पेज हवी का विचारलं. मी वाटी पुढे केली.