झोपलेला काटा: जुन्या पद्मिनीतून पुणे ते चारठाणा

आधीच सांगते, ही मौजेची सहल नव्हती. जुनी गाडी एवढ्या लांब कशी नेलीस, खर्च किती आला, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून तेही लिहिते. पण आधी निघण्याचं कारण ऐका.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पांढरी पद्मिनी. आप्पांचं जिंतूरला पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं आणि धाकटे भाऊ बसूकाका त्यांच्या हाताखाली काम करायचे. मी चौदा वर्षांची असताना काका मला घेऊन याच गाडीनं पिंगळीला एका लग्नाला निघाले. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा पार खाली पडलेला. मी म्हणाले, "काका, काटा झोपलाय." काका म्हणाले, "झोपू दे, गाडी थंड हाय." पिंगळी स्टेशनच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन जाम झालं.

काट्याकडे न बघता गाडी पळवलीस, म्हणून आप्पांनी दुकानासमोर चारचौघांत काकांना फैलावर घेतलं. काकांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि काटा खालीच होता म्हणून शपथ घेतली. आम्हा लिंगायतांत याच्यापुढं शपथ नाही. आप्पा माझ्याकडे वळले. "तू पुढं बसली होतीस. काटा कुठं होता?" आप्पांचा राग मला चांगला ठाऊक होता. मी म्हणाले, "मी नाही पाहिलं." आप्पांनी काकांना खोटारडा म्हटलं, काकांनी दुकान सोडून गावी चारठाणा गाठलं, आणि दोघं सख्खे भाऊ अठ्ठावीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

शेवटची नऊ वर्षं आप्पा पुण्यात माझ्याकडे होते. बंद पडलेली गाडीही ट्रकवर घालून त्यांनी सोबत आणली, पण तिला कुणाला हात लावू दिला नाही. दिवाळीनंतर आप्पा गेले. त्यांना चारठाण्याला आमच्या शेतात माती दिली. काका आले, मूठभर माती टाकली आणि पाणीसुद्धा न पिता गेले. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. परत आल्यावर मी इंजिन नवं करून घेतलं. गाडी काकांना द्यायची आणि खरं काय ते सांगायचं, असं ठरवलं. रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती, हे खरं.

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. जुन्या गाडीला पंचावन्नच्या वर पळवू नका, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. काटा अजून झोपलेलाच होता. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं "मीटर म्हातारं झालंय, सोडून द्या" म्हणून हात झटकले होते. म्हणून मी दर पन्नास किलोमीटरला थांबायची, इंजिन निवू द्यायची आणि मग पाणी बघायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडण्याचा शहाणपणा करू नका, हात भाजतो. नगरला मिसळ, संभाजीनगरला चहा. जालन्यात मुक्काम, खोलीचे नऊशे रुपये, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. रात्रभर "काका, मला तुम्हाला सांगायचंय" एवढं एकच वाक्य घोकत पडले, पुढचं सुचेना.

दुसऱ्या दिवशी मंठा ओलांडलं. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेला लागलेली, मधूनमधून हरभरा. थंडीत या रस्त्यासारखा रस्ता नाही. देवगाव फाट्याच्या जरा अलीकडे करपल्यासारखा वास आला. गाडी तशीच हळूहळू फाट्यावरच्या मुंजाजी मिस्त्रींच्या शेडपाशी नेली. साठीचा माणूस, बोलणं तोलून मापून.

"काटा काय म्हनायलाय ताई?"

"काही नाही. तो झोपलेलाच असतो."

मुंजाजींनी इंजिनवरच्या सेन्सरची वायर काढली, तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवलं आणि मला चावी फिरवायला सांगितली. काटा ताडकन उठून लाल रेषेवर गेला. "मीटर चांगलं हाय, वायर चांगली हाय. बोंब सेन्सरपाशी हाय."

सेलूच्या दुकानदाराला फोन लावला. त्याला खात्री नव्हती म्हणून त्यानं काळीपिवळीतून दोन सेन्सर पाठवले. दिसायला जुळे भाऊ. एक दिवा पेटवणारा, एक काटा हलवणारा. मुंजाजींनी शेजारच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणलं आणि दोन्ही पाळीपाळीनं त्यात धरून विजेचा अडथळा मोजायचं मीटर लावलं. एकाचा आकडा गरम पाणी लागेल तसा हळूहळू उतरत गेला. दुसरा ढिम्म होता आणि मग एकदम जोडला गेला. "उतरला त्यो काट्याचा. दुसरा दिव्याचा, त्यो बसिवला तर काटा एक तर झोपंल न्हाईतर उभा राहील, मधलं काही सांगनार न्हाई." तुम्ही जुनी गाडी बाळगत असाल तर हे ध्यानात ठेवा, पैसे वाचतील.

मग जुना सेन्सर काढला. त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे आठ-दहा वेढे होते, नळाला मारतात ती टेप.

"कुन्या नळवाल्यानं बसिवलाय ह्यो?" मुंजाजी म्हणाले. "ह्याला अर्थिंग मिळती ती आट्यातून. टेप गुंडाळल्यावर काटा हलनारच न्हाई." त्यांनी जुना सेन्सरही पाण्यात धरला. आकडा व्यवस्थित उतरला. "ह्यो बिचारा चांगलाच हाय की."

पाइपवाल्याच्या डोळ्यांना गळती दिसली की टेप मारल्याशिवाय त्याचा हात राहत नाही. पिंगळीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आप्पा बॉनेट उघडून काहीतरी आवळत होते, एवढं मला पक्कं आठवत होतं. काका खरं बोलत होते हे मला माहीत होतंच. काटा आप्पांनीच झोपवला होता, हे मात्र तेव्हा कळलं. मी तिथंच रडायला लागले. मुंजाजी गडबडले. "मजुरीचं टेन्शन घेऊ नका ताई, लय न्हाई घेत मी." तांब्याचा वायसर घालून, टेप न लावता त्यांनी नवा सेन्सर आवळला आणि ज्याचा करपल्यासारखा वास येत होता तो सैल झालेला पंख्याचा पट्टा ताणून दिला. जुना सेन्सर मी टेपसकट रुमालात बांधून घेतला.

चारठाण्यात जिकडे वळाल तिकडे जुनी देवळं. पाहायला जाणार असाल तर सकाळी जा. मी काही पाहिलं नाही. काका ओट्यावर बसले होते, कपाळावर विभूती, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. गाडी बघून उठले नाहीत. काकूंनी भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी वाढली. जेवण झाल्यावर मी रुमाल सोडला आणि सेन्सर काकांच्या हातात दिला.

काकांनी टेपवरून अंगठा फिरवला. "दादाच्या हातची हाय. डावखुरा होता, उलटे वेढे घालायचा."

"काका, काटा खाली होता. मी पाहिलं होतं. मी खोटं बोलले."

"मला काय नवीन सांगायलीस नंदा? तूच तर म्हनली होतीस काटा झोपलाय म्हून." काका हळू बोलत होते. "तुझं नाव घेतलं असतं तर दादाचा हात तुझ्यावर उठला असता. लेकरू होतीस. म्हून मी गप बसलो." मग मान वर करून विचारलं, "दादाला कधी सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"नऊ वर्सं तुझ्यापाशी होता की."

मी रिकाम्या रुमालाची घडी घालत बसले.

"मंग त्यो मला खोटारडा समजूनच गेला," काका म्हणाले आणि आत जाऊन पडले.

सकाळी स्वतःच आले. "चल." शेताच्या बांधाशी आप्पांची माती अजून बसलेली नव्हती. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. काका मातीसमोर मांडी घालून बसले. "म्हन."

मी म्हणाले, "आप्पा, काटा खाली होता. मी पाहिलं होतं. तुम्हाला भिऊन खोटं बोलले. काका खरं बोलत होते." काका चष्मा पुसून उठले आणि माझ्यासाठी न थांबता चालू लागले. गाडीची चावी पुढं केली तर म्हणाले, "तुझी तू ने."

येताना काटा सगळी वाट मधोमध होता. पेट्रोल, खोली, मिस्त्री धरून दहा हजारांच्या आत भागलं. हिवाळ्यात जा, रस्ता चांगला आहे. काटा हलत नसेल तर आधी वायर टेकवून बघा, मग सेन्सर विकत घ्या.

पुण्याला येऊन महिना झाला. मी दर रविवारी चारठाण्याला फोन करते. काकू उचलतात आणि काका बाहेर गेलेत म्हणतात. मागे काकांचा खोकला ऐकू येत असतो.