जानेफळच्या काकूंचा मुका व्हिडिओ

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चिखलीत आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. समोरून कापसाच्या गाड्या जातात आणि दुपारी पुंजके तरंगत आत येऊन कॉम्प्युटरवर बसतात. किस्सेही तसेच येऊन बसतात. झटकायचं जिवावर येतं.

*

जानेफळच्या शांताकाकू एकदा मोबाइल घेऊन आल्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ आम्हीच काढून नेटवर टाकलेला. काका वारल्यापासून काकू तो रोज दुपारी लावायच्या. काकांचा आवाज तेवढ्यातच उरला होता. आणि एक दिवस तोही गेला! काकूंनी दोनदा फोनचा स्पीकर बदलून घेतला.

"फोन चांगला हाये, काकू," माझा पार्टनर रशीदभाई म्हणाला. "मागं सिनेमाचं गाणं वाजून राह्यलं होतं. गाण्याच्या मालकानं आवाज बंद करवला."

"गाणं घेऊन जा म्हणा त्याले! ह्यायचं बोलणं काऊन नेलं?"

रशीदभाईनं जुनं कपाट उपसलं. मूळ शूटिंगची हार्डडिस्क केव्हाच बसली होती.

*

कॉलेजात कायदा शिकवणाऱ्या सरांना गाठलं. ते म्हणाले, "घरगुती व्हिडिओत थोडंसं गाणं रास्त वापरात, म्हणजे परवानगीशिवाय चालतं त्यात, बसू शकतं."

"थोडंसं म्हंजे किती सेकंद, सर?"

"ते कुठे लिहिलेलं नाही. कोर्ट ठरवतं."

रशीदभाई म्हणाला, "म्हंजे वरात आधी कोर्टात न्या लागते!"

*

त्याच हंगामात शेजारच्या गावच्या शेतकरी गजाननभाऊंनी बीटी कपाशीची बोंडं फोडून गुलाबी अळी दाखवणारा व्हिडिओ टाकला. मागे ट्रॅक्टरवर टेप चालू. दोन दिवसांत आवाज गायब! भाऊ बोंड घेऊनच दुकानात आले.

"अळीसाठी कोनी आलं नाही बे, गाण्यासाठी लगेच आले!"

आम्ही हसलो. मग त्यांच्या हातातलं किडकं बोंड पाहून मला फार वाईट वाटलं.

*

तेव्हापासून रशीदभाई गाण्याऐवजी पाखरांचे आवाज घालतो, स्वतः शेतात जाऊन भरलेले. एक नवरदेव भडकला, "माह्या वरातीत टिटवी काऊन ओरडून राह्यली?"

"भाऊ, टिटवी कोनावर मालकीचा क्लेम टाकत नाही!"

*

काकू पुन्हा आल्या. "व्हिडिओ लावा. मी बोलतो, तुमी भरून घ्या."

रशीदभाईनं पंखा बंद केला. पडद्यावर काकांचे ओठ हलले आणि काकू बोलल्या, "या पाव्हणे, बसा. पोरीले ऊन लागते, मांडवात घ्या तिले." एकही शब्द पुढेमागे नाही. खोकलासुद्धा जिथल्या तिथे! बाहेरून एक पुंजका आला आणि माइकजवळ घुटमळत राहिला.

शेवटी काका कॅमेऱ्याबाहेर कोणाकडे तरी वळून काही बोलले. काकूंनी माइक बाजूला सारला.

"काकू, हे राह्यलं. इथं काय म्हनले काका?" रशीदभाईनं विचारलं.

काकूंनी पदर सारखा केला.

"ते मले म्हनलं होतं."