शोयतान घरात शिरला तेव्हा

नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही बेहाला भागात राहायला आलो. तिथल्या चर्चच्या कपाटातून मी एक जाडजूड कादंबरी आणली. तिच्यात एका गावासाठी देवदूत आणि दुरात्मे लढत होते, आणि दुरात्मे छपरांवर बसून माणसांच्या कानांत कुजबुजत होते. आठवडाभरात मला सगळीकडे तेच दिसायला लागले. पोळी करपली, नवरा खेकसला, की मी मनातल्या मनात सैतानाला धमकावायची.

एका संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या बंगाली मासीमा धावत दाराशी आल्या. "शोयतान तोमादेर घोरे ढुकेछे," त्या म्हणाल्या. सैतान तुमच्या घरात शिरलाय. बंगाली घोर म्हणजे घर. माझ्या जिवाला मात्र मराठी घोर लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं. मी डोळे मिटले आणि येशूच्या नावाने चालता हो, असं मोठ्याने, मराठीत बजावलं.

मासीमा मला ओलांडून आत गेल्या आणि एका गलेलठ्ठ बोक्याला मानगुटीला धरून घेऊन आल्या. त्याच्या मिशा दुधाने माखल्या होत्या. इकडे खोडकराला लाडाने शोयतान म्हणतात, हे त्यांनीच मोडक्या हिंदीत सांगितलं. मी जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसले. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाली.

सैतान आहे, हे मी आजही मानते. पण घरातलं प्रत्येक पातेलं काही तो सांडत नाही. संध्याकाळची प्रार्थना मी चुकवत नाही. फक्त आधी दुधावर झाकण ठेवते.