अण्णांच्या हृदयाचा निकाल

लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायचो. फळ्यावर हृदय काढायचो, निम्मं लाल, निम्मं निळं. उदगीरकडच्या गावाहून आलेले माझे वडील, आमचे अण्णा, कधीमधी मागच्या बाकावर बसून ते बघत. म्हणून त्यांच्या छातीत दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला आणि शिरेतून रंग सोडतात असं कळलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लाल का निळा?"

भूकंपापासून अण्णा छताखाली झोपत नसत, अंगणात बाज टाकत. पण त्या यंत्राच्या बोगद्यात रंगाच्या ओढीनं ते निमूट पडून राहिले.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर हृदय दाखवलं. रंग कुठंच नव्हता. ते औषध दिसायला पाण्यासारखंच असतं, डॉक्टर म्हणाले. हृदयाचा स्नायू जिथं मेलेला असतो तिथं ते रेंगाळतं आणि तेवढी जागा पांढरी चमकते. अण्णांचा स्नायू सगळीकडून काळाभोर होता.

माझा जीव भांड्यात पडला. अण्णा मात्र खट्टू झाले. "एवढं औषध घातलं, अन् काईच उजळलं न्हाई?"

"काही उजळलं नाही हाच चांगला निकाल, अण्णा," मी वैतागून म्हणालो.

मग ते मला पेढ्यांच्या दुकानात घेऊन गेले. निकालाचे दिवस होते, जो तो आपल्या पोराचे मार्क सांगत होता. दुकानदारानं अण्णांनाही विचारलं, "किती पडले?"

अण्णा ताठ मानेनं म्हणाले, "शून्य. किलोभर द्या."