श्यामकांतकाकांची मंगलाष्टकं

माझे श्यामकांतकाका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले, पण रायपूरच्या मराठी घरांत त्यांची ओळख मंगलाष्टकांची. माईक दिसला की काकांना धीर निघत नसे. आवाज असा, की मांडवाबाहेर चपला काढणाऱ्यालाही ऐकू जावा.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर त्यांनी रेडिएशन घेतलं, बरे झाले, पेढेही वाटले. चार वर्षांनी एका सकाळी लघवीतून रक्त आलं. कॅन्सर परतला असं स्वतःच ठरवून हा शहाणा माणूस दोन महिने गप्प बसला. काकूंना कपड्यांवर डाग दिसले, तेव्हा कुठे समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बिणीतून तपासलं. कॅन्सर नव्हता, किरणांनी मूत्राशयाचं आतलं अस्तर दुखावलं होतं, आणि तो त्रास असा वर्षांनंतरही उपटतो म्हणे. उपचारांनी रक्त थांबलं. लघवीची घाई मात्र राहिली. लागली की मिनिटभरही धरवत नसे. काकांनी लग्नांना जाणंच सोडलं, घसा बसल्याचं निमित्त सांगू लागले. मला भयंकर राग यायचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "मंगलाष्टकं तुम्ही म्हणणार नसाल, तर मी कोर्टात लग्न करते."

काका आले. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. अंतरपाट धरला गेला, पहिलं अष्टक दणक्यात झालं. दुसऱ्यात आवाज अडखळला. मला वाटलं, आता हे पळतील आणि पुन्हा कुठल्या मांडवात दिसणार नाहीत. पण त्यांनी माईक तोंडाजवळच धरला.

"कॅन्सर गेला, पण त्या किरणांनी लघवीची पिशवी नाजूक करून ठेवली. मले आत्ताच जावं लागते. थांबा जरा."

काका माईक ठेवून निघाले. गुरुजी घड्याळ पाहत म्हणाले, "मुहूर्त टळून राहिला ना!"

"टळू द्या," मी म्हणाले. "काका आल्याबिगर मी हार घालत नाही."

अंतरपाटापलीकडून नवरदेवाचा, भार्गवचा आवाज आला, "मैं भी नहीं."

काका परतले आणि दुसरं अष्टक पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणाले. मी घळाघळा रडले. इतका अभिमान मला कुणाचाच कधी वाटला नव्हता.

जेवणं चालू असताना भार्गवचे मामा अनंतराव, भनपुरीचे ट्रान्सपोर्टवाले, काकांना बाजूला घेऊन गेले. मी मागेच उभी होते.

"श्यामकांतजी, मलेही तसंच होते. तीन वर्षं झाली रेडिएशनले. घरी कोणालेच सांगितलं नाही."

काकांनी त्यांचा हात धरला. "डॉक्टरकडे उद्या संगच जाऊ. आधी चाला, इथलं बाथरूम दाखवतो."